रोकडे पेंटरची सपाट वस्ती

गौतम रोकडे कुणाच्याही घरी गेला की आधी टेबल बघायचा. बघायचा म्हणजे गुडघ्यांवर बसून, टेबलाच्या कडेला गाल टेकवून, एक डोळा मिटून पलीकडच्या कडेपर्यंत नजर टाकायचा. घरातली बाई पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर यायची तर पाहुणा जमिनीवर. आमच्या घरी पहिल्यांदा आला तेव्हा माझ्या बायकोला वाटलं, माणसाला भोवळ आली. ती ओरडलीच. हा शांतपणे उठला, गुडघे झटकले आणि म्हणाला, "वयनी, ह्या कोपऱ्यात दोन सूत खाली हाय. पाय घासलाय का जमीनच तशी?" आमच्या लग्नात आलेलं टेबल ते. माझी बायको पुढं कितीतरी दिवस त्याला 'तुमचा तो टेबलवाला' म्हणायची.

तो अवसरी बुद्रुकचा. धंद्यानं पेंटर, म्हणजे पाट्या रंगवणारा. टेंपोच्या मागचं नाव, किराणा दुकानाचं शटर, शाळेच्या भिंतीवरचे सुविचार, डेअरीचा फळा, सगळं त्याच्या हातचं. 'ळ' काढावा तर त्यानंच. फ्लेक्स आले आणि त्याच्या बरोबरीचे पेंटर एकतर मजुरीला लागले नाहीतर बाटलीला. रोकडे दोन्हीकडं गेला नाही. नंबरप्लेटा लिहीत राहिला, पाण्याच्या टाक्यांवर ग्रामपंचायतीचं नाव रंगवत राहिला आणि उरलेल्या वेळात पुठ्ठ्याची गावं करत राहिला.

ही गावं काय होती ते सांगण्याआधी माझं थोडं सांगतो. मी पशुसंवर्धन खात्यात आहे. लोक मला डॉक्टर म्हणतात. मी डॉक्टर नाही, पर्यवेक्षक आहे, पण गाईच्या पोटात हात घालायची वेळ येते तेव्हा हा फरक कुणी विचारत नाही. राहतो मंचरला, फिरतो जुन्नर-आंबेगावच्या निम्म्या गावांतून. आमच्याकडं ऊस वाढला तसे बिबटे डोंगर सोडून उसात राहायला आले. तिथंच त्यांची पिल्लं होतात, त्या पिल्लांनी डोंगर कधी पाहिलेलाच नसतो. कुणाची शेळी नेली, वासरू फाडलं की पंचनाम्याला मला जावं लागतं. पंचनामा झाला की लोकांना गोठा बंदिस्त करा, दिवे लावा असं सांगायचं, लोकांनी माना डोलवायच्या, आणि आठवड्यानं त्याच वस्तीवर परत जायचं.

असंच सांगायला मी बेल्ह्याला गेलो होतो. बाजाराचा दिवस होता, म्हणून सभा शाळेच्या पडवीत ठेवलेली. मी बोलत होतो आणि बैलांचे व्यापारी मोबाइल बघत होते. माझं संपलं तसा रंगाचे डाग पडलेल्या पँटमधला एक काटकुळा माणूस पुढं आला. त्यानं टेबलावर तीन मोठ्या पाट्या एकमेकींना जोडून मांडल्या. बघतो तर अख्खी वस्ती. काड्यापेटीची घरं, खराट्याच्या काड्या हिरव्या रंगवून केलेला ऊस, विहीर, गोठा, मागच्या अंगणातला भांडी घासायचा ओटा. शाडूची माणसं. आणि भुईमुगाच्या शेंगेएवढा पिवळा बिबट्या.

तो एक डाव होता. फासे टाकून खेळायचा. प्रत्येकानं एक घर घ्यायचं आणि अंधार पडायच्या आत घरची कामं उरकायची. धार काढायची, पाणी भरायचं, मोटार चालू करायची, भांडी घासायची, पोरं आत घ्यायची. एकानं बिबट्या व्हायचं. बिबट्यानं उसातून आणि अंधारातून चालायचं, उजेडात यायचं नाही. तो कुणापर्यंत पोचला की ते माणूस आडवं करायचं आणि डाव तिथंच थांबवायचा. मग रोकडे म्हणायचा, "आता मागं मोजा." सगळ्यांनी आपापली माणसं एकेक चाल मागं न्यायची आणि कुठल्या चालीला तो जीव वाचला असता ते बोलायचं. कुंपणाचं फाटक उघडं राहिलं तेव्हा? मोटारीला उशीर झाला तेव्हा? सापडेपर्यंत तो सोडायचा नाही.

पण बेल्ह्याला तेवढं झालंच नाही. बाहेर रणरणतं ऊन, पडवी पत्र्याची. मांडून थोडा वेळ झाला नाही तोच पाट्यांचे कोपरे वर उचलले गेले आणि मधली वस्ती खोलगट झाली. कुणीतरी फासा टाकला, टेबल हललं, आणि बिबट्या काठावरच्या उसातून घरंगळत थेट ओट्यावरच्या पोरीला जाऊन टेकला. एक व्यापारी मोठ्यानं हसला. "आरं, ह्याचा बिबट्या तर आपसूकच निघाला! पोरीच्या नशिबात असंल तर कोन काय करनार, राव? फासा कशाला टाकायचा?" सगळी पडवी हसली. रोकडेनं बिबट्या उचलून खिशात टाकला, माणसं डब्यात भरली, पाट्या उचलल्या आणि तो बाहेर पडला.

त्याला मंचरकडंच जायचं होतं, म्हणून मी गाडीवर घेतलं. पाट्या आमच्या दोघांच्या मध्ये. आळेफाट्याला चहाला थांबलो. मी त्या व्यापाऱ्याला दोन शिव्या दिल्या, तर हा म्हणाला, "त्यो मानूस वाईट न्हाई बोलला, डॉक्टर. पाटीच वाकडी व्हती. वाकड्या पाटीवर बिबट्या घसरनारच. आन एकदा घसरला की लोकं म्हनत्यात, नशीब." मग बशीतला चहा संपवून त्यानं सांगितलं, "माझी पोरगी अशीच गेली. पाटीवरची न्हाई. खरी."

सुजाता तिचं नाव. पहिलीत होती. दिवस मावळायची वेळ होती. मंदाताई, म्हणजे रोकडेची बायको, मागच्या ओट्यावर भांडी घासत होती आणि पोर शेजारी बसून ताटल्या विसळत होती. ओटा संपला की लगेच ऊस. ओट्यावरचा बल्ब गेलेला. मंदाताई घासलेली भांडी ठेवायला आत गेली आणि बाहेर आली तेव्हा ओट्यावर एक ताटली अजून गोल फिरत होती. पोर नव्हती. ऊस हलत होता. रोकडे त्या वेळी कामासाठी मंचरला होता. पोर सापडली ती दुसऱ्या दिवशी, उसाच्या आतल्या सरीत. त्यापुढचं तो बोलला नाही, मीही विचारलं नाही. माझ्या नोकरीत मला ते बघावं लागतं.

मातीला आलेला आणि नंतर भेटायला आलेला जो तो एकच म्हणाला, पोरीचं नशीब. रोकडेला तो शब्द सोसवायचा नाही. "आमच्या आज्यानं धर्म बदलला तवा देव्हारा घरातनं भाईर काढला. त्या देव्हाऱ्याबरूबर नशीब बी गेलं. आता ह्या लोकांनी ते परत आनून माझ्या वट्यावर ठिवलं." नशिबानं नाही, गेलेल्या बल्बनं आणि ओट्याला भिडलेल्या उसानं पोर गेली, आणि म्हणून दुसऱ्या कुणाची पोर वाचू शकते, हे त्याला गावोगाव दाखवायचं होतं. त्यासाठी हा डाव. आणि त्यासाठीच पाटी सपाट हवी होती. पाटीला थोडा जरी उतार असला तरी लोकांना तेवढं निमित्त पुरत होतं.

त्यानंतर वर्ष-दीड वर्ष मी वेळ मिळेल तेव्हा त्याच्या पडवीत जाऊन बसत असे. पुठ्ठा त्याला फुकट मिळायचा, द्राक्षांच्या पेट्यांचा नाहीतर नारायणगावच्या टोमॅटो बाजारातला. सुताराच्या पांढऱ्या गोंदात वाळू कालवून तो पुठ्ठ्यावर जमीन करायचा आणि वरून रंग द्यायचा. ओली असेपर्यंत पाटी सरळ. वाळली की पापडासारखी वळायची. गोंद वाळताना आक्रसतो आणि पुठ्ठ्याला आपल्याकडं ओढतो, हे कळायलाच त्याचे दोन उन्हाळे गेले. आधी त्यानं पत्र्यावर उन्हात वाळवून पाहिलं, पाटी आणखी वळली. मग उलट बाजूनं पाणी मारून पाहिलं, पुठ्ठ्याचे पदर सुटले. मग चिडून चारही कोपऱ्यांना खिळे मारले, तर पाटी मधूनच टेंगूळ आल्यासारखी फुगली. मी म्हटलं, "रोकडे, सरळ प्लाय आण आणि मोकळा हो." तो माझ्यावर खेकसला. "प्लाय उचलनार कोन? ही पाटी बाईनं काखेत मारून शेजारच्या वस्तीवर न्हेली पायजे. मोडली तर घरच्या घरी दुसरी करता आली पायजे. प्लायचा डाव मंग हाफिसातच ऱ्हातोय, कपाटात."

मोबाइलवर त्याला परदेशातली काही माणसं सापडली होती. टेबलावर खोट्या लढाया खेळायला ती टेकड्या, पूल, पडकी घरं करतात. मोठमोठी बाप्ये माणसं. त्यांचं बोलणं रोकडेला ओ की ठो कळायचं नाही, तो नुसते हात बघायचा. आवाज बंद करून, तीच फीत मागं नेऊन पुन्हापुन्हा. "ह्यांची बी वळत्यात बरं का," एकदा मोठ्या समाधानानं म्हणाला. "गोरा मानूस बी डोक्याला हात लावून बसलाय, बघा." तिथून त्यानं काही उचललं, काही त्याचं त्याला चुकतमाकत कळलं. एक पुठ्ठा न घेता दोन घ्यायचे, एकाच्या आतल्या नळ्या उभ्या तर दुसऱ्याच्या आडव्या. गोंदात पाणी घालायचं नाही, जुन्या मोबाइल रिचार्जच्या कार्डानं तो पातळ ओढायचा. मग दोन फळ्यांच्या मध्ये दाबून वर जात्याची तळी आणि पेंडीचं पोतं. पोत्याची कल्पना माझी, एवढं श्रेय मी घेतो. आणि सावलीत, पूर्ण वाळेपर्यंत हात लावायचा नाही.

सगळ्यात मोठी युक्ती कळली तो दिवस मला आठवतो. रविवारी सकाळी मला फोन. "डॉक्टर, हातातलं टाका आन या." गेलो तर पाटी टेबलावर आणि हा तिच्या कडेला गाल लावून खाली. त्यानं वरच्या बाजूला जितका गोंद आणि रंग लावला होता तितकाच खालच्या बाजूलाही लावला होता, जिथं कुणी बघणारही नव्हतं. "पुठ्ठा लबाड न्हाई, डॉक्टर. ज्या अंगानं वढाल त्या अंगाला जातोय. दोनी अंगांनी सारखं वढा, जाग्यावर बसतोय." मीही गाल टेकवून पाहिलं. पाटी खरोखर सरळ होती. त्यानं पिवळा बिबट्या पाटीवर मध्यभागी ठेवला आणि टेबलाला लाथ मारली. बिबट्या पडला, पण घरंगळला नाही. आम्ही दोघं येड्यासारखे हसलो. आत मंदाताई भाकरी थापत होती, तिच्या हाताचा आवाज थांबला आणि थोड्या वेळानं परत सुरू झाला.

तरी पावसाळ्यात घाटघरला फजिती झालीच. तिथं धुकं घरात शिरतं, काडी पेटत नाही. प्लास्टिकमध्ये गुंडाळून नेलेल्या पाट्या शाळेत उघडल्या आणि चहा होईपर्यंत त्यांच्या कडा भिजल्या पावासारख्या फुगल्या. पुढच्या आठवड्यात रोकडेनं प्रत्येक पाटीच्या चारही कडांना ऑइलपेंटचे दोन हात दिले. "वरनं खालनं लिपलं आन कडा उघड्या ठिवल्या. शिरलं पानी." त्यानंतर त्याच्या पाट्या कधी वाकल्या नाहीत.

आणि डाव लागू पडला, हे मला लिहून ठेवलं पाहिजे. एका वस्तीवर खेळ झाल्यावर तिथल्या बायकांनी घराला लागून असलेल्या उसाच्या सऱ्या काढायला लावल्या, नवऱ्यांशी भांडून. पुढं दोन महिन्यांनी तिथून एका शेतकऱ्याचा फोन आला. मी तेव्हा रोकडेच्या शेजारीच होतो. "पेंटर, काल दिवस मावळता अंगनात आला व्हता वो. पोरं घरात व्हती. कुत्रं न्हेलं." रोकडेनं फोन खाली ठेवला. "कुत्र्याचं वाईट झालं," म्हणाला आणि पायरीवर बसून हमसून हमसून रडला. मी त्याला रडताना पाहिलं ते तेवढंच.

मंदाताई या सगळ्यात कुठंच नसे. पाट्या बाहेर निघाल्या की ती मागच्या दारानं शेजारी जाई. मला वाटायचं, तिला पोरीची आठवण येत असेल. एकदा रोकडे रंग आणायला गेला होता आणि मी पडवीत थांबलो होतो. तिनं चहा आणून ठेवला आणि उभीच राहिली. म्हणाली, "डॉक्टर, ह्ये लोकांना मागं मोजाया लावत्यात. मोजा की. पर मागं मोजत मोजत गेलं की शेवटाला कोन उरतं, म्हाईत हाय का? मी उरते. मी भांडी ठिवाया आत ग्येले." मी काहीतरी समजुतीचं बोलायला गेलो. तिनं हात हलवून थांबवलं. "लोकं नशीब म्हनली तवा मला वाईच श्वास घेता आला. ह्यांनी त्ये बी काडून घ्येतलं."

हे मी रोकडेला सांगितलं. त्याचा चेहरा पडला. "मी तिला कवा दोष दिला? एका शब्दानं तरी? इचारा तिला." खरं होतं ते. त्यानं कधीच दोष दिला नव्हता. पण प्रत्येक गावात, प्रत्येक डावात आई नावाचं शाडूचं माणूस ओट्यावरून आत जात होतं आणि लोक त्याच चालीवर बोट ठेवत होते, हेही खरं होतं. मला त्याच्याबद्दल माया होती, तरी त्या दिवशी त्याचा राग आला. तो पाटीवर पांढरा रंग घोटत बसला होता आणि माझ्याकडं बघत नव्हता.

मग अवसरीतच खेळ ठरला, समाजमंदिरात. आपल्या गावात तो पहिल्यांदा खेळणार होता, म्हणून त्यानं नवी पाटी केली, आणि ती त्याच्या स्वतःच्या वस्तीची केली. इतकं बारीक काम त्यानं आधी केलं नव्हतं. उकिरड्यावर कोंबडा होता. गोठ्यात गाय रवंथ करत बसलेली, दारात कुत्रं. ओट्यावर टिकलीएवढी ताटली. पाटी एवढी सपाट की कडेला डोळा लावला तर पलीकडची कड दिसत नव्हती. मी म्हटलं, "रोकडे, ही नको. दुसरी कुठलीही ने." तो म्हणाला, "सवताच्या दारापास्नं सुरवात केल्याबिगर लोकांनी माजं का ऐकावं?"

दुपारची वेळ होती. समाजमंदिर भरलेलं. बिबट्या व्हायला शाळेतल्या एक तरुण बाई तयार झाल्या. घरं वाटून झाली, रोकडेचं घर तेवढं उरलं, आणि दारातून मंदाताई आत आली. ती येईल असं कुणालाच वाटलं नव्हतं. पदर खोचून ती टेबलापाशी बसली आणि म्हणाली, "ह्ये घर मी घेते."

डाव सुरू झाला. तिची पाळी आली. तिनं पोरीचं माणूस ओट्यावरून उचललं, घरात ठेवलं, आईचं माणूस त्याच्याजवळ ठेवलं आणि फासा न टाकता पुढच्याकडं सरकवला. पुढची पाळी आली, पुन्हा तेच. बायका कुजबुजायला लागल्या. "मंदे, आगं खेळ की. धार राहिली तुजी." ती हलली नाही. बिबट्या उसातून ओट्यापर्यंत आला आणि परत गेला. अंधार पडला, डाव संपला. सगळी माणसं जिवंत होती, आणि मंदाताईच्या घरचं एकही काम झालं नव्हतं.

रोकडे हळू आवाजात म्हणाला, "मंदा, कामं राहिली. कामं झाल्याबिगर डाव पुरा व्हत न्हाई."

"व्हय ना," ती म्हणाली. "मंग करा की कुनीतरी. धार मी काडायची. पानी मी भरायचं. भांडी मी घासायची, पोर मी बघायची, आन उसाकडं ध्यान बी मीच ठिवायचं. ह्या घरात मी एकलीच हाय का? तुमी कुटं हाय ह्यात?"

आम्ही सगळे पाटीवर वाकलो. इतर घरांमध्ये बाप्या होता, कुणाचा मोटारीवर, कुणाचा गोठ्यात. त्याच्या आजवरच्या सगळ्याच पाट्यांवर असायचा. फक्त या घरात नव्हता. कोंबडा होता, कुत्रं होतं, ताटली होती. रोकडेनं स्वतःला केलंच नव्हतं. मी त्याच्या डोळ्यांत पाहिलं, आणि एवढं मी शपथेवर सांगेन, की हे त्याच्याही आत्ताच लक्षात आलं होतं.

"मी मंचरला व्हतो," तो म्हणाला.

"कामाला?"

रोकडेचे हात टेबलाच्या कडेवर होते. तो म्हणाला, "काम दुपारीच झालं व्हतं. स्टँडावर बसलो व्हतो. च्या पीत, गप्पा मारत." "तू सकाळी म्हनली व्हतीस, बल्ब आना, उजेडाचे घरी या. ध्यानात व्हतं माज्या. उठू उठू म्हनत बसलो."

मंदाताईनं मान हलवली. रागावली नाही, रडली नाही. तिनं शाडूची पोर घरातून उचलली, पदरानं पुसली, परत ठेवली आणि उठून घरी गेली. बिबट्या झालेल्या बाई रडत होत्या. लोक एकेक करून पांगले. पाट्या मीच सोडवल्या.

त्यानंतर तो डाव खेळत राहिला, पण वेगळा. मांडायच्या आधी उभा राहून सांगायचा, "माजी पोरगी गेली तवा मी मंचरच्या स्टँडावर गप्पा मारत व्हतो." आणि मागं मोजायची वेळ आली की विचारायचा, ह्या चालीला बाप कुठं होता? बायका ऐकायच्या. पुरुषांना ते आवडेना. एका सरपंचानं मला बाजूला घेऊन सांगितलं, "डॉक्टर, बिबट्याचं सांगा म्हनावं, घरातलं कशाला काडतो?" बोलावणी कमी होत गेली. रोकडेनं तक्रार केली नाही. तो वाळत चालला होता, डोळे खोल गेले होते. भेटला की मी विचारायचो, "तब्येत काय म्हणते?" तो म्हणायचा, "बरं हाय. हलकं वाटतंय." मला ते खरं वाटलं, कारण मला तसंच हवं होतं.

गेल्या हिवाळ्यात एका गावी पाण्याच्या टाकीवर नाव रंगवत असताना तो शिडीवरून पडला. सकाळची वेळ होती, ऊन छान होतं, वारा नव्हता. खाली उभ्या असलेल्या माणसानं सांगितलं की पेंटरनं अक्षराला हात घातला आणि उभ्या उभ्याच डुलकी लागल्यासारखी मान टाकली. दवाखान्यापर्यंतही पोचला नाही.

त्याच्या जलदानविधीला, म्हणजे दिवसकार्याला, मला दुसरीकडच्या एका अंत्यविधीमुळं जाता आलं नाही, म्हणून मी नंतर एकटा गेलो. मंदाताई पडवीतच बसली होती. माझ्या तोंडून निघून गेलं, "माणूस मोठा होता. निदान शेवटी मन मोकळं करून गेला."

"मोकळं माजं झालं, डॉक्टर," ती म्हणाली. "त्यांनी समद्यांम्होरं त्ये सांगितलं त्या दिवसापास्नं मला झोप लागाया लागली. पोर गेल्यापास्नं पयल्यांदा. आन त्यांची गेली. रोज उठून बसायचे, अंधारात. मला जाग यायची. दिसायचे मला बसल्याले." तिनं पदर तोंडाला लावला, आणि मग काढला.

"मी कूस बदलून झोपायची."